सातव्या क्रमांकाचा माणूस

आमच्या डब्लिनच्या संघात सातव्या क्रमांकावर खेळणाऱ्या माणसाला हंगामाच्या शेवटच्या सामन्यात कप्तानानं बाहेर बसवलं, असं सगळे समजतात. त्यावरून कप्तानाची अजून थट्टा होते आणि तो बिचारा ती हसून घेतो. पण ते त्यानं केलेलं नाही. ते मी केलं. आणि तो सातव्या क्रमांकाचा माणूस माझा मुलगा आहे.

संघ म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. एका जुन्या क्लबातला सगळ्यात खालचा संघ. पुण्या-मुंबईची आणि नागपूरची मुलं. आठवडाभर सँडीफोर्डच्या काचेच्या इमारतींतून कोड लिहायची आणि शनिवारी पांढरे कपडे घालून डोंगराच्या पायथ्याशी वाऱ्यात उभी राहायची. जूनमध्येही स्वेटर लागायचा. मी सीमारेषेबाहेर खुर्ची टाकून, मफलर गुंडाळून बसायचो. बायको गेली त्याच्या पुढच्या वर्षापासून, म्हणजे दोन हजार पंधरापासून, मुलगा मला दर उन्हाळ्यात तिकडे नेऊ लागला होता.

आमच्या दोघांत बोलणं असं कधी नव्हतंच. ती होती तोवर सगळं तिच्यामार्फत चालायचं. त्याला काय हवंय ते ती मला सांगायची, माझा राग ती त्याच्यापर्यंत निम्मा करून पोचवायची. ती गेल्यावर मध्ये कुणी उरलं नाही. घरात तो मला चहा हवाय का विचारायचा, मी हो म्हणायचो, आणि तेवढ्यावर संध्याकाळ निघायची. पण शनिवारी गाडीत बसलो, की मैदानापर्यंत आणि मैदानापासून परत आम्ही सारखे बोलत असू. विषय एकच. संघात कोण असावा, कोण नसावा.

या बाबतीत माझी मतं ठाम होती. लोक नुसत्या धावा बघतात. मी म्हणायचो, कधी केल्या ते बघा. आमचा सलामीचा फलंदाज दर सामन्यात दोन-तीन देखणे ड्राइव्ह मारून तिशीत बाद व्हायचा आणि टाळ्या घेत परतायचा. त्याची किंमत मी निम्मी धरायचो, कारण काम अर्धं टाकून येण्याची त्याला सवय होती. उलट विकेटकीपर पोट सुटलेला, बॅट हातात शोभेपुरती. पण तो स्टंपमागे असला की आमचे गोलंदाज न घाबरता चेंडू टाकायचे. त्याला कधीही हलवू नये, असं माझं म्हणणं. ऑफस्पिनर ड्रोहेड्याच्या हॉस्पिटलात कामाला होता. रात्रपाळी संपवून तसाच यायचा आणि स्लिपमध्ये उभ्या उभ्या डुलक्या घ्यायचा. त्याला मी चालतंफिरतं ओझं म्हणायचो.

मुलगा गाडी चालवता चालवता हसायचा. "बाबा, शनिवारचं क्रिकेट आहे हो. एवढी काटछाट नका करू." आणि मग मैदानाचं वळण आलं की आरशात बघत विचारायचा, "आणि सात नंबरचं काय?"

मी म्हणायचो, "बघू."

या 'बघू'मागे जुनी गोष्ट आहे. पुण्यात मी बरीच वर्षं आमच्या क्लबच्या निवड समितीवर होतो. मुलगा सोळा वर्षांचा असताना मुलांचा संघ इंदूरला जायचा होता. समितीतले बाकीचे दोघे त्याला घ्या म्हणत होते. मी त्याचं नाव काढलं. माझा मुलगा आहे म्हणूनच नको, म्हटलं. त्या दिवसापासून क्लबात माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, हा माणूस वशिला चालवत नाही, स्वतःच्या पोराचासुद्धा. मला ते आवडायचं. मुलानं घरी येऊन पॅड ओल्या फडक्यानं पुसले, उन्हात वाळवले आणि माळ्यावर टाकून दिले. त्याची आई माझ्याशी आठवडाभर बोलली नाही.

आयर्लंडला गेल्यावर, पस्तिशी ओलांडल्यावर, त्यानं परत बॅट धरली. खेळाडू म्हणून तो मध्यम होता, हे मी आजही म्हणेन. दहा-पंधरा धावा, चार षटकं, बरे हात. पण शुक्रवारी सगळ्यांना फोन तोच करायचा, गाडी नसलेल्यांना घ्यायला तोच जायचा. कुणी शून्यावर बाद होऊन आला की त्याच्याशेजारी जाऊन बसायचा आणि क्रिकेट सोडून दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलायचा. अशा माणसाची किंमत कशी धरायची, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

कप्तान नागपूरचा. मी निवड समितीवर होतो हे त्याला मुलानंच अभिमानानं सांगितलं होतं. तो चहाला यायला लागला. आधी मुलगा असताना, मग मुलगा ऑफिसात असतानाही. "काका, तुम्हीच सांगा ना, याचं काय करायचं," असं म्हणायचा. मी सांगायचो. त्यातलं बरंचसं तो ऐकायचा, आणि हे मुलाला ठाऊक नव्हतं.

दोन हजार सतराच्या हंगामात संघाला एक डावखुरा फलंदाज मिळाला. गॉलवेला वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत होता, सामन्यासाठी एवढ्या लांबून गाडी हाणत यायचा, तोही सगळ्या शनिवारी नाही. पण आला की सामना जिंकायचा. असं करत करत आम्ही शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलो. जिंकलो असतो तर वरच्या गटात जाणार होतो. त्या शनिवारी एरवी दांड्या मारणारेसुद्धा हजर होते. एक माणूस जास्त झाला.

गुरुवारी संध्याकाळी संघ फोनवरच्या ग्रुपवर टाकायचा, ही पद्धत. त्याच्या आधी कप्तान आला आणि मला घेऊन इमारतीखालच्या बागेत फिरायला निघाला.

"ऑफस्पिनरला बसवतो म्हणतो, काका. झोपेतच राहते बिचारा. तुमच्या पोराला ठेवतो. तो असला की सगळे टायमावर येते."

दोन वर्षं मी त्या ऑफस्पिनरला ओझं म्हणत होतो. माझ्याच हिशेबानं तोच बसायला हवा होता. मला फक्त 'बरोबर' एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "नको. माझ्या मुलाला बसव."

तो थांबला. "काका, पोरगा आहे तुमचा."

"म्हणूनच," मी म्हणालो. आणि दोन पावलं पुढे जाऊन म्हणालो, "माझं नाव मात्र घेऊ नकोस."

का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. तिथे मला ओळखणारं कोण होतं? वशिला म्हणायला त्या बागेत कोण बसलं होतं? कुत्री फिरवणारी चार माणसं होती. पण माझ्या डोक्यात अजून पुण्यातला क्लब भरलेला होता. फरक एवढाच, की पुण्यात मी ते उघड केलं होतं.

ग्रुपवर संघ आला तेव्हा आम्ही जेवत होतो. मुलानं फोन बघितला, उलटा ठेवला, भाजी वाढून घेतली. "नाहीये माझं नाव," म्हणाला. "बरोबरच आहे. गॉलवेवाला माझ्यापेक्षा चांगला आहे." नात तिच्या आयरिश इंग्रजीत म्हणाली, की हे मुळीच बरोबर नाही.

मग त्यानं मान वर न करता विचारलं, "बाबा, तुम्ही असता तर कुणाला बसवलं असतं?"

मी म्हणालो, "ऑफस्पिनरला."

"खरंच?"

"हो. तुला ठेवलं असतं."

त्याचा चेहरा मी विसरू शकत नाही. बेचाळिशीला आलेला माणूस, कानशिलावर पांढरे केस, आणि तो लाजला. मग उठून माझ्या ताटात न विचारता आणखी भात वाढला.

सामना आम्ही जिंकलो. गॉलवेवाल्यानं एकट्यानं ओढून आणला. ऑफस्पिनर त्या दिवशी जागा होता आणि त्यानं महत्त्वाचे दोन बळी घेतले. म्हणजे निवड बरोबर ठरली. चुकली असती तर निदान चुकलो असं म्हणता आलं असतं. यजमान संघानं दोन्ही संघांचा चहा करायचा असतो. तो मुलानं केला, सँडविच कापले, घरून साबुदाणा वडे आणले. क्लबातले एक म्हातारे आयरिश गृहस्थ वडा खात माझ्याजवळ आले, सगळं 'ग्रँड' आहे म्हणाले, आणि तुमचा मुलगा आज का खेळत नाही असं विचारलं. खांदा दुखतोय, म्हणून मी सांगितलं. शेवटी फोटो काढायची वेळ आली तेव्हा फोन मुलाच्या हातात होता. सगळे नीट मावावेत म्हणून तो मागे मागे सरकत कुंपणापर्यंत गेला.

पुढच्या उन्हाळ्यात गेलो तर क्रिकेटची बॅग हॉलमधल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, खाली दडपलेली. नव्या गटात चांगली मुलं लागतात, कामही वाढलंय, असं तो म्हणाला. शनिवारी तो वाणसामान आणायला जायचा. मी बरोबर जायचो, पण वाटेत बोलायला काही नसायचं. एकदा स्वयंपाकघरात सून पोळ्या लाटता लाटता मला म्हणाली, "बाबा, तुम्हाला कल्पना नाही, पण तुम्ही त्याला घेतलं असतं म्हणालात ना, ते तो अजून सगळ्यांना सांगतो. माझ्या माहेरीसुद्धा सांगितलं." तिला वाटलं मला आनंद होईल.

दोन हजार एकोणीसमध्ये कप्तानानं ड्रोहेड्याला घर घेतलं आणि आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. मागच्या अंगणात ऊन होतं. जुन्या सामन्यांच्या गप्पा निघाल्या. मुलगा रंगात आला होता. कप्तानाच्या पाठीत थाप घालून म्हणाला, "लेका, तुला काय कळतंय क्रिकेट. माझ्या बापाला विचारायचं होतंस. त्यांनी मला ठेवलं असतं."

सगळे हसले. कप्तानानं माझ्याकडे एकदा पाहिलं. मी पापड मोडत होतो. तो म्हणाला, "चुकलो बाप्पा. विचारायलाच पाहिजे होतं काकांना."

निघताना मी बूट घालत होतो तेव्हा तो जवळ येऊन उभा राहिला. मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, "राहू द्या, काका. सांगू नका आता. त्याला त्याच्यात बरं वाटते."

त्याचं ऐकायला हवं होतं. पण माझ्यानं राहवेना. दुसऱ्याच्या डोक्यावरचा ठपका काढायचा, म्हणून मी बोलतोय, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला हलकं व्हायचं होतं. परतीच्या दिवशी विमानतळाच्या वाटेवर, गाडीत दोघंच असताना, मी त्याला सांगितलं. बागेत काय बोलणं झालं ते, कप्तान त्याला ठेवायला निघाला होता ते, आणि माझं नाव घेऊ नको म्हणालो ते.

तो गाडी चालवत राहिला. वळण आलं तेव्हा नेहमीसारखा सिग्नल दिला, लेन बदलली. मी वाट बघत होतो, ओरडेल म्हणून. विमानतळावर त्यानं ट्रॉली आणली, माझी बॅग उचलून तिच्यावर ठेवली, पट्टा आत खोचला. मग हात बॅगेवरच ठेवून म्हणाला,

"म्हणजे एकदाही नाही, बाबा."

मी ट्रॉलीची दांडी धरली. त्यानंच मग पासपोर्ट वरच्या खिशात आहे ना, गोळ्या हातातल्या पिशवीत घेतल्या ना, विचारलं. पोचलात की फोन करा, म्हणाला. वाकून नमस्कार केला. त्यात कधी चूक नसते त्याची.

आता तो दर रविवारी फोन करतो. माझे गुडघे, इथला पाऊस, नातीची शाळा. मी सगळ्याची उत्तरं देतो. कप्तानाचं नाव आमच्यात निघत नाही, म्हणून त्याच्यासाठी हे इथे लिहून ठेवलं. त्यानं माझ्या मुलाला ठेवलं होतं. मुलाला देण्यासारखं माझ्याकडे एक खोटं वाक्य होतं, दोन वर्षं त्यानं ते जपून वापरलं, आणि ते मी परत घेतलं. गेल्या रविवारी मी मध्येच म्हणालो, तुला घ्यायला हवं होतं रे, दोन्ही वेळा. पलीकडे नळाचा आवाज येत होता, तो भांडी विसळत असावा. नळ बंद झाला. तो म्हणाला, "बघू," आणि मग सुनेच्या हातात फोन दिला.