आईनं खाल्लेली अंडी

"आक्का, आईनं आज दोन अंडी खाल्ली! मागून खाल्ली!" लातूरहून धाकट्या बहिणीचा फोन होता, आणि तिचा आनंद आवाजात मावत नव्हता. मी नांदेडला ओट्यापाशी उभी होते. गॅस बंद केला.

आई तिच्याकडे राहते. वर्षभरापासून विसरते. एकदा माहेरी, मुखेडला जाते म्हणून उलट्या दिशेच्या, औशाच्या गाडीत चढली, तेव्हा आम्ही डॉक्टर गाठले. ते म्हणाले, रक्तात बी-बारा, म्हणजे दूध-अंडी-मटणातून मिळणारं जीवनसत्त्व, फार कमी आहे. विसरण्याचा काही भाग त्यामुळे असेल, तो इंजेक्शनं आणि खाण्यानं सुधारू शकतो. उरलेला मेंदूच्या आजाराचा असावा, त्यासाठी रोज एक गोळी.

"कुठला भाग किती?" मी विचारलं.

"ते काही महिन्यांनी कळेल."

मी लगेच इंजेक्शनांच्या तारखा, दूध-दह्याच्या वेळा, गोळीची वेळ, सगळं कागदावर मांडून बहिणीच्या फ्रीजला चिकटवलं. बहिणीनं आठवड्यात गोळी बंद केली.

"मळमळून राहिलं तिला. ताट सारून देते. पोटात अन्न न्हाई तर डोकं कसं चालंल? तुझा कागद कालवून चारू का तिला?"

मी भांडले, पण जोर नव्हता. मलाही खाण्याचाच भाग मोठा निघायला हवा होता. खाण्यानं जे बिघडलं, ते खाण्यानं भरून येतं. दुसऱ्या भागाचं तसं नसतं, हे मी वाचलं होतं.

पण अंडी? लहानपणी मी तापानं फणफणले होते, शुद्ध नव्हती. तेव्हा आईनं पोरगी वाचू दे म्हणून देवापुढं अंडं-मटण सोडलं. आम्हाला करून घालायची, पण तिची कढई वेगळी, पळी वेगळी. नातवाच्या वाढदिवसाचा केकसुद्धा अंडं आहे का विचारल्याशिवाय तोंडात घातला नाही. बहीण तेव्हा जन्मलेली नव्हती. आईला पहिल्यापासून ते आवडतच नाही, असं ती समजत होती.

दुसऱ्या दिवशी मी लातूर गाठलं. आई पोळीच्या तुकड्यानं ताटलीतली भुर्जी पुसून खात होती.

"ये बाई, बस. तिखट लई झालंय, पण चव हाय."

"आई, तू तर सोडलं होतंस ना हे?"

"मी? मी कशाला सोडू?" ती हसली. "कुणी सांगितलं तुला?"

"मला ताप आला होता तेव्हा."

तिनं पटकन हात पुसून माझ्या कपाळाला लावला. "न्हाई गं, ताप न्हाई."

बहिणीला स्वयंपाकघरात नेऊन मी त्या तापाचं आणि सोडण्याचं सगळं सांगितलं. "म्हणजे ती सुधरली म्हणून खात न्हाई," ती म्हणाली. "विसरली म्हणून खाते."

तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. आपल्या मनानं गोळी बंद करायची नव्हती, ते म्हणाले; कमी मात्रेची देतो, जेवणानंतर द्या, मळमळलं तर मला सांगा. बहिणीनं "हाव" म्हटलं, कागदावर खूणही केली. मग विचारलं, "आणि अंडी? देऊ का नको?"

माझ्या कागदावर अंडी नव्हती. खाण्यानं आणि इंजेक्शनांनी तिला आठवू लागलं, तर देवापुढं सोडलेलं आपण खाल्लं, हेही आठवेल. मग ती आम्हाला काय म्हणेल? माझ्या जिवाची तिला किती काळजी वाटेल? आणि आठवलंच नाही तर?

"दे," मी म्हणाले.

बहीण आता रोज फोन करते. गोळी घेतली, दूध घेतलं, सांगते. मग मी विचारते, "आणि अंडी?" "खाल्ली," ती म्हणते. म्हणजे अजून आठवलेलं नाही.