प्रार्थनेपुरती फिलोमीन

आमच्या जमातीच्या कौन्सिलवाल्यांना फिलोमीन कडॉट लागायची ती प्रार्थनेपुरती. असं म्हटलं की त्यांना राग येतो. येऊ दे! नवा दवाखाना उघडला, बोलवा फिलोमीनला. तळ्यात माशांची पिल्लं सोडायची, बोलवा फिलोमीनला. कॅसिनोत नवी यंत्रं बसवली तेव्हासुद्धा एक जण तंबाखूची पुडी घेऊन तिच्या दारात हजर. आमच्यात वडीलधाऱ्यांकडे काही मागायचं तर आधी त्यांच्या हातात तंबाखू ठेवतात, आणि ती घेतली की मग घेणाऱ्यानं मागं फिरायचं नाही. फिलोमीन घ्यायची. माईकसमोर उभी राहून आमच्या जुन्या ओजिब्वे बोलीत बोलायची. लोक माना खाली घालून ऐकायचे आणि शेवटी एका आवाजात 'अहाव' म्हणायचे, म्हणजे हो, ठीक, तसंच होऊ दे. मग सगळे जेवायला पळायचे. तिचं बोलणं एखादा सोडला तर कुणालाच कळायचं नाही, पण डोळे मात्र सगळ्यांचे ओले व्हायचे.

ती बोली खरी नांदत होती फिलोमीनच्या स्वयंपाकघरात, तीही दोघींपुरती. दुसरी आयडा, फिलोमीनच्या वारलेल्या भावाची बायको. नणंद-भावजयींनी एकमेकींची टिंगल करायची हा आमच्याकडे रिवाजच आहे. नाही केली तर शेजारीपाजारी विचारतात, काय गं, भांडलात की काय? या दोघींनी तो रिवाज जन्मभर इमानानं पाळला.

"वन्सं, हा रानतांदळाचा भात आहे की तळ्यातला गाळ?" आयडा ताट पुढे ओढत विचारायची.

"खा मुकाट्यानं. तुझ्या हातचं खाऊन माझा भाऊ गेला, माझ्या हातचं खाऊन तू अजून टुणटुणीत आहेस."

"माझ्या हातचं खाऊन नाही हो गेला. रोज सकाळी तुमचं तोंड बघून गेला."

आणि मग दोघी अशा हसायच्या की स्टोव्हवरचा चहा उतू जायचा. मिशनच्या शाळेत याच बोलीपायी नन्सनी दोघींच्या तोंडात साबण कोंबला होता. त्याचीही त्या टिंगल करायच्या. "तुमच्या तोंडाला अजून फेस येतो," असं आयडा म्हणायची.

मागच्या हिवाळ्यात आयडाला झटका आला. उजवं अंग गेलं, आणि शाळेत मारून मुटकून शिकवलेलं इंग्रजी पार पुसलं गेलं. उरली ती आईच्या तोंडची बोली. आमच्या राखीव मुलुखात म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा होईल असं घर नाही. म्हणून तिला शहरातल्या एका नर्सिंग होममध्ये ठेवलं. तिथल्या गोऱ्या मुली वाईट नव्हत्या. केस विंचरायच्या, गालाला हात लावायच्या. पण आयडा पाणी मागायची आणि त्या म्हणायच्या, "आजी आज किती गोड बडबडतायत!"

फिलोमीन दर रविवारी आपली खटारा गाडी घेऊन जायची. प्रत्येक नव्या मुलीला सांगायची, "बाई गं, ती बडबडत नाही, बोलतेय. तिला तहान लागलीय." मुलगी मान डोलवायची. पुढच्या महिन्यात मुलगी बदललेली असायची. फिलोमीननं आयडाला आपल्या घरी आणली असती, पण घराला पायऱ्या आणि फिलोमीनला स्वतःचाच गुडघा उचलेना. नर्सिंग होमवाले म्हणाले, घरी उचलायला-धुवायला माणूस दाखवा, मग न्या. माणूस कौन्सिलनं द्यायचा. वृद्धांचं घरही कौन्सिलनंच बांधायचं. निवडणुकीतल्या आश्वासनांत त्याचा नंबर पहिला होता. निवडणूक झाली आणि ते घर खाली खाली घसरत गेलं. आता तर त्याचा कुणी विषयही काढेना.

कौन्सिलचा चेअरमन लेलँड तसा वाईट माणूस नाही. तीच तर पंचाईत आहे! वाईट असता तर शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. लहानपणी त्याची आई कामावर जायची तेव्हा तो फिलोमीनच्याच घरी जेवायचा. वर्षाचा हिशेब लोकांपुढे मांडायची सभा जवळ आली तसा तो स्वतः पुडी घेऊन आला.

"आजी, यंदा भाषा भवनाचं उद्घाटन आहे. राज्य सरकारचे पाहुणे येणार. प्रार्थना तुमचीच हवी."

"आणि म्हाताऱ्यांचं घर?"

"होणार हो, होणार. पण आधी भाषा. भाषा गेली तर आपण कोण उरलो?"

"लेलँड, भाषा तिकडे शहरात खाटेवर पडलीय. तिला कुणी पाणी देत नाही."

लेलँडचा चेहरा उजळला. "वा, आजी! काय बोललात! हे मी भाषणात घेतो," असं म्हणून त्यानं फोन काढला आणि ते टिपून घेतलं.

आता बोला! फिलोमीनच्या मस्तकात सणक गेली. तिला वाटलं, ती पुडी त्याच्या तोंडावर फेकावी. पण मग तिनं पुडी घेतली. लेलँड खूश होऊन गेला. त्या रविवारी तिनं आयडाला सांगितलं, "शुक्रवारी सभा टीव्हीत दाखवणार आहेत, बघ. सगळ्या गावासमोर तुझी गोष्ट काढते." तिथल्या एका मुलीनं सभा टीव्हीवर लावून द्यायचं कबूल केलं.

शुक्रवारी कॅसिनोचा मोठा हॉल गच्च भरला. पडद्यावर नव्या रस्त्यांची, नव्या गाड्यांची आणि भाषा भवनाची चित्रं झळकत होती. पहिल्या रांगेत कोल्टन बसला होता, आमचा भाषेचा मास्तर. फिलोमीन आणि आयडाच्या टेबलाशी बसून, त्यांच्या शिव्यांसकट बोली शिकलेला एकुलता एक तरुण. भवनाचा प्रमुख म्हणून त्या दिवशी त्याचंच नाव जाहीर व्हायचं होतं. फिलोमीनच्या बोलण्याचा अर्थ पाहुण्यांना तोच सांगणार होता, आणि तिची सगळी भिस्त त्याच्यावर होती.

फिलोमीन माईकसमोर गेली. टोप्या उतरल्या, माना खाली गेल्या. तिनं नेहमीसारखी सुरुवात केली नाही.

"लेलँड," ती आमच्या बोलीत म्हणाली, "माझ्या हातचं जेवून तू मोठा झालास. आता ऐक. आयडा परक्यांत पडलीय. तिला तहान लागली तर तिला कळतं आणि मला कळतं, तिथे तिसऱ्या कुणाला कळत नाही. तुम्ही भाषेला घर बांधलंत आणि बोलणारीला घराबाहेर ठेवलंत. लाज वाटू द्या जरा! तिचे दिवस फार राहिले नाहीत. मला महाल नको, दिवसा उचलायला एक बाई द्या, बाकीचं मी बघते. ती गेली तर मी कुणाशी भांडू? भिंतीशी? सांगा सगळ्यांनी. आणणार ना तिला घरी?"

तिचा आवाज फाटला होता. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्याला रुमाल लावले. आणि सगळा हॉल एका दमात गरजला, "अहाव!" ढोलावर जोरात थाप पडली.

मान वर होती ती फक्त कोल्टनची. तो पांढराफटक पडला होता. त्याला अक्षर न् अक्षर कळलं होतं, आणि त्याला कळलंय हे फिलोमीनलाही कळलं होतं. तिनं त्याच्यावरची नजर काढली नाही.

"कोल्टन, पाहुण्यांसाठी दोन शब्दांत सांग बरं," लेलँड म्हणाला.

कोल्टन उठला. पाहुण्यांकडे बघितलं, लेलँडकडे बघितलं, मग स्वतःच्या बुटांकडे बघितलं. "आजींनी... तळ्याचे आभार मानले," तो म्हणाला. "पूर्वजांचे आभार मानले. आणि नव्या वास्तूला आशीर्वाद दिला."

टाळ्यांचा नुसता कडकडाट! लेलँडनं फिलोमीनच्या खांद्यावर मानाचं नवं कोरं ब्लँकेट पांघरलं आणि जाहीर केलं, की ही प्रार्थना ध्वनिमुद्रित झाली आहे, उद्यापासून रोज सकाळी शाळेत लावू, पोरांकडून तोंडपाठ करून घेऊ. नंतर भाषणात त्यानं ते खाटेवरच्या भाषेचं वाक्यही घेतलं. त्यालाही टाळ्या पडल्या.

जेवणात म्हाताऱ्या माणसांना आधी वाढतात. कोल्टन स्वतः तिचं ताट घेऊन आला. "आजी, पाहुण्यांसमोर कसं सांगायचं? मी नंतर लेलँडशी बोलतो. नक्की बोलतो."

"चांगलं शिकलास," फिलोमीन बोलीतच म्हणाली. "सगळं शिकलास. गप्प बसायला मात्र आम्ही नव्हतं शिकवलं. ते कुठून शिकलास?" तिनं ताट बाजूला सारलं आणि ब्लँकेट खुर्चीवर टाकून ती निघून आली. ते ब्लँकेट दुसऱ्या दिवशी कुणीतरी तिच्या दाराच्या कडीला अडकवून गेलं.

रविवारी ती शहरात गेली. नर्सिंग होमच्या दारातच तिथली मुलगी भेटली. बिचारी अपराध्यासारखी बोलत होती.

"शुक्रवारी टीव्ही बघताना आजी इतक्या आनंदात होत्या! तुम्ही दिसलात तर हसल्या, मोठमोठ्यानं काहीतरी बोलल्या. आणि मग काय झालं कोण जाणे, एकदम उठायलाच लागल्या. कपाटातले कपडे ओढले, कोट अर्धा अंगात घातला, एका पायावर दाराकडे निघाल्या आणि पडल्या. आवरेचनात. शेवटी डॉक्टरांनी शांत राहायचं औषध सुरू केलं. आता आम्ही त्यांना टीव्ही लावत नाही. त्रास होतो ना त्यांना."

आयडा खिडकीशी खुर्चीत होती. कपाळावर टेंगूळ, डोळ्यांत गुंगी. पण कोट अंगात होता. तो काढायला गेलं की ती चावते, असं मुलगी म्हणाली.

"वन्सं, किती उशीर!" आयडा जड जिभेनं म्हणाली. "दोन दिवस झाले कोट घालून बसलेय. गाडी कुठे लावलीत?"

फिलोमीन तिच्यासमोर बसली.

"मी ऐकलं ना," आयडा म्हणाली. "तुम्ही विचारलंत, आणि सगळे हो म्हणाले. गाव अजून विसरलं नाही आपल्याला. मी तुम्हाला उगाच म्हणत होते, सगळे विसरले म्हणून."

जन्मभर भावजयीला एका शब्दाला चार शब्द ऐकवणारी फिलोमीन. त्या दिवशी तिला एकही सापडला नाही. त्यांना कळलंच नाही गं, ते नुसतं म्हणायचं म्हणून म्हणाले, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? तिनं आयडाच्या कोटाचं वरचं बटण हळूच सोडवलं.

"रस्त्यावर बर्फ आहे, वहिनी," ती म्हणाली. "आज नाही जमायचं. पुढच्या खेपेला."

आयडानं खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर लख्ख ऊन होतं. रस्ता कोरडा होता, गाड्या धडाधड जात होत्या. तिनं परत नणंदेच्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि डाव्या हातानं तिचा हात बटणावरून दूर केला. मग तिनं मान भिंतीकडे वळवली.

फिलोमीननं टिंगल केली, हाका मारल्या, भावाच्या नावानं विनवण्या केल्या. आयडा त्या दिवशी बोलली नाही. त्यानंतरच्या रविवारीही बोलली नाही, आणि मरेपर्यंत ती कुणाशीच एक शब्द बोलली नाही.