जुन्या गिअरबॉक्सची पेटी

ती लाकडी पेटी आजही डोळ्यांसमोर आहे, आणि तिच्यापायी ऐकावं लागलेलं वाक्यही: "जमादार, दहावी शिकलेले तुमी. कस्टम ड्युटी तुमाले काय समजन?"

वाक्य खोटं नव्हतं. मी कोकणातला. दहावी करून शाळा सुटली, पोलीस भरतीच्या जागा निघाल्या त्या वर्ध्याला, म्हणून अख्खा महाराष्ट्र ओलांडून आलो. या जिल्ह्यानं मला भाकरी दिली, ते उपकार मी विसरत नाही. पण आपल्या हातून कागदात चूक होईल ही धास्ती नोकरीभर गेली नाही. म्हणून प्रत्येक कागद ओळीखाली बोट धरून तीनदा वाचायचो. ठाण्यातली पोरं हसायची. हसू देत.

एका सकाळी एक तक्रारअर्ज माझ्याकडे चौकशीला आला. अर्जदार आर्वी रोडवरचा मोठा शेतीवाला, वजनदार माणूस. त्याच्या जुन्या जपानी गाडीसाठी पिपरी मेघेतल्या एका मिस्त्रीनं जपानहून नवा गिअरबॉक्स मागवून बसवला होता. एका स्पेअर पार्टच्या दुकानदारानं मालकाला खबर दिली, की हाच पार्ट तिकडे निम्म्या किमतीत मिळतो. मालकानं मोबाईलवर किंमत पाहिली आणि अर्ज ठोकला: मिस्त्रीनं ड्युटीच्या नावावर पैसे खाल्ले. वर चौकात सगळ्यांदेखत त्याला चोर म्हणून मोकळा झाला. त्याच आठवड्यात तीन गिऱ्हाइकांनी आपल्या गाड्या गॅरेजमधून उचलून नेल्या.

ठाणेदार साहेब म्हणाले, "मिस्त्रीला बोलवा, दम द्या. पैसे परत देईल, अर्ज निकाली."

मिस्त्री आला. चाळिशीचा, नखांत ग्रीस.

"बसा," मी म्हटलं.

"बसतो साहेब. पन आधी सांगा, चोर म्हनून बसू का मिस्त्री म्हनून?"

मी खुर्ची पुढे सरकवली. माझा एक अनुभव आहे. खोटं बोलणारा रक्कम गोल सांगतो आणि लवकर संपवतो. या माणसानं माझा पेन घेतला.

"शंभराचा माल धरा. जपानहून इथवर भाडं अन् विमा तीस. सरकार ड्युटी शंभरावर नाई लावत, एकशे तीसावर लावते. म्हंजे भाड्यावर बी ड्युटी. मंग ते सारं मिळून त्याच्यावर जीएसटी. वर एजंटचा खर्च. झाले का नाई दोनशेच्या वर? मालकानं फोनवर शंभर पाह्यले अन् मले चोर करून राह्यले."

"मग पावत्या कुठे आहेत?"

"गाडी ज्याची, कागद त्याच्या नावानं. पार्ट बदलला का जुना माल पेटीत घालून मी गिऱ्हाइकाले परत देतो. काऊन बदलला ते त्याले दिसलं पाह्यजे. कागद त्याच पेटीत. माह्या बापानं सायकलचा छर्रा बी परत देल्ला हाय."

मालकाला विचारलं. तो म्हणाला, पेटी आपल्याला मिळालीच नाही; आणि वर सांगितलेलं ते वाक्य माझ्या तोंडावर फेकलं. कस्टममधून माल सोडवणारा मुंबईचा एजंट पत्राशिवाय बोलेना, आणि पत्राचं उत्तर यायला दिवस लागणार. इकडे ठाणेदार साहेब रोज विचारत, "झालं का?" शेवटी मी मिस्त्रीला सुचवलं, की मिटवायचं असेल तर मिटवा.

तो उभाच राहिला. "पैसे देऊ शकतो साहेब. पन देले त मी चोर. नाई देत. टाका आत."

खरं सांगतो, मी घाबरलो होतो. बदलीचं भय होतं, बिऱ्हाड इथं, पोरांच्या शाळा इथं. तरी अर्जावर 'चौकशी अपूर्ण' असा शेरा मारून सही केली.

"तू मला शिकवतोस?" ठाणेदार साहेब म्हणाले.

"नाही साहेब. मलाच अजून कळायचं आहे."

दुसऱ्या दिवशी गाडी पाहायची म्हणून दोन पंच घेऊन मालकाच्या शेतावर गेलो. मिस्त्रीलाही बरोबर घेतलं. गाडीच्या शेडमध्ये मालकाचा सालगडी भाकरी खात बसला होता, एका लाकडी पेटीवर. पेटीवर पांढऱ्या रंगात गाडीचा नंबर. अक्षर मिस्त्रीचं.

"दादा, ही पेटी कुठली?"

"हे? मीच आनली नं गॅरेजातून, ट्रॅक्टरवर. मालक म्हने भंगार हाय, ठेव कोपऱ्यात. बसाले बरी हाय."

"थो काई बी सांगते," मालक म्हणाला. पण आवाज उतरला होता.

पंचांसमोर पेटी उघडली. आत जुना गिअरबॉक्स आणि त्याला तारेनं बांधलेली प्लास्टिकची पिशवी. तिच्यात कस्टमचं बिल ऑफ एन्ट्री, ड्युटी भरल्याची पावती, भाड्याचं बिल, सगळं मालकाच्याच नावानं. मी तिथंच उभ्यानं, ओळीखाली बोट धरून, मोठ्यानं वाचलं. मिस्त्रीनं लावलेला आकडा बरोबर होता. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

मालक म्हणाला, "जाऊ द्या जमादार, गैरसमज झाला. अर्ज मांगं घेतो."

"अर्ज मांगं घ्याल मालक," मिस्त्री म्हणाला, "चौकात बोलले थे कसं मांगं घ्याल?"

मालकानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "जिथं बोललात तिथंच."

संध्याकाळी तो चौकात आला. चहाच्या टपरीवर सात-आठ जण होते. खाली मान घालून पुटपुटला, की मिस्त्रीची चूक नव्हती.

"जोरात बोला मालक," मिस्त्री म्हणाला. "तवा आवाज मोठा होता."

त्याला जोरात बोलावं लागलं.

अर्ज निकाली निघाला. माझी बदली झाली नाही. झाली असती तरी तो शेरा मी खोडला नसता. या प्रकरणानं मला एवढंच शिकवलं: अर्धा आकडा पाहून माणसाला चोर ठरवायला शिक्षण लागत नाही, आणि उरलेला अर्धा शोधायलाही लागत नाही. तिथवर चालत जावं लागतं.

निवृत्तीनंतर मी इथंच राहिलो. मागे स्कूटरचा प्लग बदलायला त्याच गॅरेजात गेलो. निघताना मिस्त्रीनं जुना प्लग पावतीत गुंडाळून माझ्या हातावर ठेवला.

"साहेब, तुमचा माल. घरी नेजा."

तो प्लग माझ्या खिडकीत आहे. घरातले म्हणतात, भंगार आहे, फेका. मी फेकणार नाही.