हाताला दोष देऊ नका

धर्मसिंग राठोडनं उभी हयात औंढा ते हिंगोली काळी-पिवळी चालवली. सिद्धेश्वर धरणाजवळचा सगळा तांडा त्याच्या गाडीत बसून बाजाराला, दवाखान्याला, लग्नाला गेलेला. मग गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्याच्या डाव्या हातातला तांब्या गळून पडला आणि तोंड वाकडं झालं. अर्धांगाचा झटका, पण हलका होता. हळूहळू तोंड सरळ झालं, हातापायांत जोर आला. नांदेडच्या डॉक्टरांनी मूठ आवळायला लावली, चालून दाखवायला लावलं आणि गाडी चालवायला हरकत नाही, असं सांगितलं.

घरच्यांना मात्र ते पटलं नव्हतं. त्यात औंढ्याहून येताना त्याच्या हातातली घरची जुनी पांढरी गाडी डावीकडं गेली, रस्त्याखाली उतरली आणि बाभळीला घासून थांबली. शेजारी बायको धुरपताबाई होती. कुणाला खरचटलंही नाही, पण दिवस मावळायच्या आत तांडाभर झालं, धर्मसिंगचा हात अजून लुळाच आहे. पोरानं, दिपकनं, चावी आपल्या खिशात टाकली.

"गाडी डावीकडं ओढून राहिली," धर्मसिंग म्हणाला.

"गाडी न्हाई ओढत, बा. तुमचाच हात सुटून राहिला."

"माझ्या डाव्या हातात जोर नसता तर उजव्या हातानं स्टेअरिंग उजवीकडं खेचलं असतं. गाडी डावीकडं काहून गेली असती?"

दिपकनं चावी काही खिशातून काढली नाही. त्यानं तांड्यावर एक चक्कर मारली. गाडी सरळ चालली. सकाळच्या मोकळ्या रस्त्यानं, ब्रेक फारसा न लावता हिंगोलीला नेऊन चाकांचं अलाइनमेंट केलं. मशीननं सगळं बराबर दाखवलं. टायरची हवा सारखी होती. टायरातच खोट असेल तर कळावी म्हणून, धर्मसिंगच्या हट्टापायी पुढचे दोन्ही टायर इकडचे तिकडं लावले, तरी काही निघालं नाही.

"जाऊ द्या की आता," धुरपताबाई म्हणाली. "लई चालवली गाडी. घरी बसून खा."

हे त्याला पोराच्या बोलण्याहून जास्त लागलं. तो उठला. हौदावर गेला, बादली काठोकाठ भरली, डाव्या हातानं उचलली आणि अंगणापर्यंत आणली. पाणी थोडं सांडलं, पण बादली सुटली नाही. त्याचाही जीव आतून धास्तावला होता. आता तो जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी तो दिपकपुढं उभा राहिला. "चावी तुझ्याजवळच ठेव. तू चालव, मी बाजूला बसतो. पर शिरड शहापूरपर्यंत चालव. तांड्यातल्या तांड्यात फिरवून मला येडा ठरवू नको."

दिपक कुरकुरत निघाला. सुरुवातीला गाडी सरळ होती. धर्मसिंग प्रत्येक वळणाला, प्रत्येक गतिरोधकाला ब्रेक मारायला लावत होता. पुढं मोकळा सपाट रस्ता लागला तेव्हा तो म्हणाला, "आता हात ढिला सोड."

दिपकनं सोडला. गाडी हळूच डावीकडं सरकली.

"रस्त्याला उतार असंल, बा."

"मागंपुढं कोणी न्हाई. घे उजव्या बाजूला. उतार असंल तर तिथं उजवीकडं ओढंल."

तिथंही गाडी डावीकडंच गेली. दिपकनं स्टेअरिंग घट्ट धरलं आणि गाडी कडेला उभी केली. धर्मसिंग उतरला. पुढच्या उजव्या चाकाच्या रिमला हात लावला; कोमट. मग डाव्या चाकाला डावा हात लावला आणि झटकन मागं घेतला.

"भाजलं का?" दिपक धावत आला.

"भाजलं! लुळ्या हाताला भाजलेलं कळतं का? सांग की आता तांड्यावर."

शिरडला संतराम मिस्त्रीनं ते चाक जॅकवर उचललं. हातानं फिरेना. त्यानं ब्रेकची नळी जराशी ढिली केली, तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक भिरभिर फिरलं. रबरी नळी आतून फुगली होती. पाय दाबला की तेल चाकाकडं जायचं, पण पाय उचलला तरी परत यायचं नाही. ब्रेक धरलेलाच राहायचा, चाक तापायचं आणि गाडी त्या अंगाला ओढली जायची. थंड गाडीत काही कळत नव्हतं ते म्हणूनच.

संतरामनं दोन्ही बाजूंच्या नळ्या नव्या टाकल्या, ब्रेकमधली हवा काढली. निघताना दिपक चावी हातात घोळवत म्हणाला, "गाडी झाली, बा. तरी बी तुमचं वय…"

"वयाची नळी फुगली न्हाई माझी. दे इकडं."

दिपकनं चावी दिली. धर्मसिंगनं सीट मागं ओढली, आरसा आपल्या नजरेला लावला आणि गाडी काढली. दिपक शेजारी दरवाज्याचा दांडा धरून बसला होता. सिद्धेश्वरच्या फाट्यापर्यंत त्यानं तो सोडला नाही. धर्मसिंगला ते दिसलं, रागही आला. पुढं एक ट्रॅक्टर रस्ता अडवून चालला होता. त्यानं डाव्या हातानं गियर बदलला, हॉर्न दिला आणि बाजूनं गाडी काढून नेली.