सरजाबाईचा हात नि डॉक्टरांची पट्टी

किस्से गोळा करायला मी कुठं जात नाही हो! डॉक्टरांच्या नि आमच्या आंगणात कमरेएवढी भिंत. मी पापड वाळत घालते, किस्से आपोआप अलीकडे येतात. आता पापड रोजच घालावे लागतात, त्याला मी काय करू!

* * *

हे हाडांचे डॉक्टर नवीन आले तेव्हा ओसरीवर हातानं फिरवायचं ड्रिल पुसत बसलेले. मी विचारलं, "काहून हो डॉक्टर, सुतारकाम शिकून राह्यले का?"

"हौ वहिनी! फक्त आमचं लाकूड शुद्धीवर आलं की शिव्या देते!"

* * *

हट्टा गावची सरजाबाई. आमच्याकडे लग्न कोणाचंही असो, लांब रोट्या तिच्याच. पातळ कणीक दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत लांबवायची नि पालथ्या मडक्यावर टाकायची. तिचं घर त्यावरच चालायचं. ती बैलबंडीवरून पडली नि उजव्या हाताची, मनगट-कोपरामधली दोन्ही हाडं मोडली. नवरा म्हणे, गावातच बांबूच्या कामट्या बांधून घेऊ.

डॉक्टरांनी स्वतःचा हात पालथा-उताणा करून दाखवला. "लेकरू असतं तर प्लास्टरवर भागलं असतं. मोठ्या माणसाची ही हाडं वाकडी जुळली, तर हात असा फिरत नाही. उघडून, सरळ करून स्टीलच्या पट्ट्या बसवू."

सरजाबाई नवऱ्याकडे वळली. "हात फिरला नाही तं रोटी कशी फिरन? तुह्या डोक्यावर टाकू का?"

ऑपरेशन ठरलं!

* * *

पेशंट दिसला की नमस्काराआधी डॉक्टरांचं "हात फिरव!" एकदा लांजीच्या बसमध्ये कंडक्टरच जुना पेशंट निघाला. त्यानं तिकिटासाठी हात पुढे केला, तर डॉक्टर म्हणाले, "पालथा! उताणा! फिर से!" पाहता पाहता अर्धी बस आपापले हात फिरवून पाहू लागली. शेवटी ड्रायव्हर गाडी थांबवून मागे आला. "डाक्टरसाब, मेरा भी देख लो!"

* * *

ऑपरेशननंतरचं प्लास्टर निघालं तेव्हा सरजाबाईचा हात अर्ध्यातच अडला. डॉक्टर ओसरीवर रोज व्यायाम करून घेत. ती अशी बोंबलायची की मी पापड सोडून भिंतीशी!

"दुखते तं शिव्या दे, पण फिरव!" डॉक्टर म्हणायचे. तिनं दोन्ही केलं, अगदी मनापासून! पण डॉक्टरांची बायको मला हळूच सांगे, "हे जेवताना ताटावर आपलाच हात फिरवत बसतात हो."

* * *

वैशाखात किरनापूरला लग्न. मडकं तापलं. सरजाबाईनं कणीक उचलली. डॉक्टर पंगत सोडून चुलीशी उभे.

कणीक या हातावरून त्या हातावर. पालथा, उताणा, पालथा, उताणा. कोपरापर्यंत लांबली नि गेली मडक्यावर! डॉक्टरांनी चष्मा पुसला, बाह्या सरसावल्या नि म्हणाले, "सरजाबाई, मले शिकव."

तिनं कणीक दिली. ती डॉक्टरांच्या मनगटावरून घसरली नि थेट पायावर!

सगळा मांडव हसायला लागला. सरजाबाई मात्र गंभीर. "तुमच्या हातात पट्टी नाही न डाक्टरसाहेब, म्हणून होत नाही!"