अंगठा जाईल एवढा गळा

झरीच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. परभणीहून रोज जाणं-येणं, म्हणून एक जुनी छोटी गाडी माझ्यासाठी घेतली. लायसन्सही मी हौसेनं काढलं. तेवढ्यात नवऱ्याला इंजिनाचं वेड लागलं. त्यानं सिलिंडर मोठे करून घेतले, आणखी काय काय बदललं आणि वर हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भला थोरला कार्बोरेटर बसवला. त्याच्या हातात गाडी सुसाट पळायची. माझ्या हातात पहिल्याच दिवशी रेल्वे फाटकापाशी बंद पडली. मागून हॉर्नवर हॉर्न, ढकलायला चार अनोळखी माणसं. मला रडूच आलं.

"तुला न्हाई जमायचं," नवरा हसत म्हणाला. "मी हाय की सोडायला."

तेव्हापासून दोन वर्षं मी डावीकडच्या सीटवर. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. शाळा सुटायच्या आत गेटवर हजर असतो. पण त्याला काम निघालं की मला रजा, आणि कुणाकडे चहाला थांबले की बाहेर हॉर्न. बाकीच्या बाया म्हणतात, नशीब काढलंस. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

हवेचा वेग शिकवताना मी वर्गात चुलीची फुंकणी नेते. बारीक तोंडातून वारा जोरात येतो, रुंद नळीतून फुंकलं तर निखारा हलतही नाही. एकदा हे सांगता सांगता मीच थबकले. कार्बोरेटरचंही तेच की! हवा आत घेणारा त्याचा गळा फार रुंद असला तर गर्दीत हळू चालवताना वाऱ्याला जोर येत नाही, पेट्रोल ओढलं जात नाही आणि इंजिन गुदमरतं. सुसाट नेणाऱ्याला ते कळणारही नाही. म्हणजे चूक माझ्या पायाची नव्हती.

रविवारी नवरा मित्राकडे मॅच बघायला गेला. तीनदा बंद पडत, तीनदा चालू करत मी गाडी उस्तादांच्या गॅरेजला नेली. हे इंजिन त्यांनीच केलेलं. लहान गळ्याचा कार्बोरेटर बसवा म्हटल्यावर त्यांनी फळीवरून दोन काढून पुसून पुढे ठेवले. एकाच्या गळ्यात करंगळी जेमतेम जात होती, वाढवलेल्या इंजिनाला तो पुरला नसता. दुसऱ्यात अंगठा नीट बसला.

"हा," मी म्हटलं.

"बराबर निवडलात, म्याडम. मी साहेबांला बसवायच्या आधीच म्हणलो हुतो, मोठा टाकला तर हळू चालवताना बंद पडंल, म्याडमला तरास व्हईल. ते म्हणले, पडू द्या, ती कुठं चालवायलीय!"

बसवायच्या आधी. फाटकापाशी मी रडले त्याच्याही आधी.

"बसवा आत्ताच," मी म्हटलं. उस्तादांनी मोबाईल काढला.

"साहेबांला इचारतो एकदा."

"गाडी माझी आहे, उस्ताद."

"हाय की. पण माझ्यापायी तुमच्या घरात वाद नको."

दहा मिनिटांत नवरा मित्राच्या मोटारसायकलवर आला. "तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं. तो हसला. "अगं, एवढ्या गर्दीत कशाला तुला ताप?" असं म्हणून त्यानं डावीकडचं दार उघडून धरलं. भांडायला हवं होतं. पण उस्ताद बघत होते, मित्र बघत होता, आणि मी मुकाट्यानं बसले. नवऱ्याचा राग मला अजून येतो, आणि तेवढाच माझा स्वतःचाही.

कार्बोरेटर मात्र मी विकत घेतला. तो शाळेच्या प्रयोगशाळेत कपाटात आहे. फुंकणीचा तास आला की तो बाहेर काढते, मुलींना गळ्यात अंगठा घालून बघायला लावते आणि इंजिनाला बेताचा कसा निवडायचा ते सांगते. त्यांना एका झटक्यात कळतं. मग गेटवर हॉर्न वाजतो. मी तो कपाटात ठेवते, कुलूप लावते आणि डावीकडच्या दाराकडे जाते.