नाथाजीची अकरा नावं

आमच्या गावच्या गुऱ्हाळावर नाथाजी गुळव्या हुता. मी जोतीराम, चुलवाणात जाळ घालणारा. काहिलीतला रस बघून गूळ कवा उतरायचा, ते नाथाजीच सांगणार. फौजेतनं हवालदार होऊन आलेला गडी, कुणाचं ऐकून घ्यायचा न्हाई.

अठ्ठ्याहत्तर साली त्याच्या दोनी किडन्या गेल्या. सोमवारी अन् गुरुवारी एस्टीनं पुण्याला जायचा. लष्कराच्या दवाखान्यात यंत्रातनं रक्त धुऊन घ्यायचं. पाणी दिवसाला दोन पेले, बास. आमी उसाचा रस ढोसायचो अन् ह्यो भरल्या काहिलीपाशी कोरड्या ओठानं उभा. मला लाज वाटायची. तरी रस काय मी सोडला न्हाई, खोटं कशाला बोलू?

पुण्याला जायच्या आदल्या दिवशी मातूर रक्तात घाण साचून त्याचं डोस्कं जड व्हायचं. एकदा रसात चुना दोनदा टाकला. गूळ काळा पडला. मालक भाऊसो माझ्यावरच उखडला, तर नाथाजी मधी आला.

"त्याला कशाला बोलता? चूक माझी हाय."

दुसऱ्या दिवसापास्नं त्यानं कायदाच केला. फौजेतल्या त्याच्या तुकडीची अकरा नावं माझ्याकडनं पाठ करून घेतली. रोज सकाळी तो ती वळीनं म्हणणार, मी ऐकायची. एक जरी चुकलं, तर त्या दिवशी काहील माझी. मला सगळं शिकवून ठेवलं हुतं. चुकला की गुमान जाळ घालाया बसायचा. असला मानूस मी दुसरा बघितला न्हाई.

फाल्गुनात एका बुधवारी दहाच नावं आली. त्याचं तोंड बघून मला खरं सांगवंना.

म्हटलं, "झाली की रं अकरा."

झारा घिऊन तो काहिलीपाशी गेला. रसाला उकळी आली अन् तो थांबला.

"जोत्या, धुळ्याचं नाव ऱ्हायलं. तुला ठावं हुतं न्हवं?"

"व्हय."

त्यानं झारा माझ्या हातात दिला. "दया नको करूस गड्या. माझं मला कळंना झालंय. तूबी खोटं बोलल्यावर मी कुणाला इचारू?"

गूळ पिवळाधमक उतरला. भाऊसो नाथाजीची पाठ थोपटाया आला.

"माझा न्हवं," नाथाजी म्हणाला, "जोतीरामचा हाय."

पुढच्या हंगामाला नाथाजी न्हवता. आता गुळव्या मी. काहिलीला हात लावायच्या आधी रोज अकरा नावं म्हणतो, धुळ्यासकट. मग बारावं, नाथाजीचं.